दुखणं अंगावर काढू नका

वीस-बावीस वर्षांच्या मुलीला दवाखान्यात ‘काय होतंय?’ म्हणून विचारलं, की उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. थकवा येतो, केस गळतात, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाळी मागेपुढे होते. सोबत आई असेल तर ती पुरवणी जोडते, “काही खात नाही नीट, सारखी मोबाइलवर.” डॉक्टर टॉनिक लिहून देतात. बाटली संपते, तक्रार मात्र राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी असेल, तर प्रत्येकीच्या आळसाला दोष देऊन भागत नाही. तरुण मुलीच्या आजारपणात तिच्या शरीराखेरीज आणखी चार वाटेकरी असतात : घरातला रिवाज, बाहेरची गैरसोय, लोकांची नजर आणि मनावरचा ताण. औषध घ्यायचंच. पण यांतला कोण आपल्याला छळतोय हे कळलं, तर औषध लागू पडतं आणि कुणाशी काय बोलायचं हेही ठरवता येतं. हा लेख त्यासाठीच आहे. तो आधी मुलींसाठी आहे आणि शेवटी थोडा त्यांच्या घरच्यांसाठी.

ताटापासून सुरुवात

बायकांनी शेवटी जेवायचं ही रीत आता उघडपणे कुणी सांगत नाही, पण ती गेलेली नाही. भाजी संपली की उरलेली पोळी लोणच्याशी खाऊन उठणारी घरात बहुधा आई असते, नाहीतर मुलगी. घर सोडून शहरात आलेल्या मुलींची तऱ्हा वेगळी. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कितीतरी जणी पैसे वाचवण्यासाठी एक डबा दोघींत खातात. तीन-चार पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी आणि मूठभर भात. सकाळी नाश्त्याऐवजी चहा-टोस्ट, दुपारी पुन्हा चहा. त्यात सोमवार, चतुर्थी, हरतालिका, नवरात्र. उपासाच्या साबुदाण्यातून जवळपास नुसता पिष्टमय पदार्थ मिळतो, लोह आणि प्रथिनं नाममात्र.

आता गरज बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. जिला जास्त हवं तिच्याच ताटात कमी पडतं.

काय करावं?

* हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र. त्या वेळी घरगुती उपाय करत बसू नका.
* डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर आठवडाभरात ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन वाढल्यावरही शरीरातला साठा भरायला वेळ लागतो, म्हणून हा उपचार साधारण तीन महिने तरी चालतो. गोळीने शौचाला काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. चहा-कॉफी आणि गोळी यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका.
* मटकी, हरभरा, मसूर यांच्या उसळी, बाजरीची भाकरी, पालेभाजी, अळीव, तीळ हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. वर लिंबू पिळलं, शेजारी पेरू किंवा टोमॅटो असला, की त्यातलं लोह अंगी लागतं. खात असाल तर मटण, मासे, अंडी जरूर खा. नुसत्या गुळावर मात्र विसंबू नका.
* गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल तर कारण शोधायला सांगा. जंत, पाळीत जास्त रक्त जाणं, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड ही नेहमी सापडणारी कारणं आहेत. शाकाहारी मुलींनी बी-१२ ची तपासणी आवर्जून करावी.
* रक्त कमी असेपर्यंत कडक उपास बंद. आजीशी वाद घालायला नको. “डॉक्टरांनी नको सांगितलंय” एवढं पुरतं. उपास धरायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक, फळं यांवर धरा.

न प्यायलेलं पाणी, सुटलेलं मैदान

एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीला विचारा, दिवसभरात पाणी किती पितेस? बऱ्याचदा उत्तर येतं, घरी पोचल्यावर. कारण कॉलेजच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही, आणि क्लासमध्ये ते आहे पण चारचौघांसमोरून उठून जायची लाज वाटते. पाणी कमी पिणं आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणं यांमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट मोकळी होते. जळजळ, सारखी लघवीला लागणं, ओटीपोटात दुखणं ही त्याची लक्षणं. त्यासोबत ताप किंवा कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं सुरू झालं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पण या आजाराचं निम्मं औषध कॉलेजच्या प्राचार्यांकडे आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या मोहिमेतल्या बायकांनी स्वच्छतागृहांची पाहणी करत महापालिकेशी हा प्रश्न लावून धरला. तुमच्या संस्थेत एकटीने तक्रार करायला संकोच वाटत असेल तर दहा-बारा जणींनी सह्या करून लेखी अर्ज द्या. मोघम ‘सुविधा नाही’ लिहू नका. कडी, पाणी, दिवा, पॅड टाकायची बादली, साफसफाईची वेळ असं एकेक कलम लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

मैदानाचंही तेच. सहावी-सातवीपर्यंत खो-खो खेळणारी मुलगी पाळी सुरू झाली की घरात येते. संध्याकाळचं मैदान मुलांचं होतं. हाडांमध्ये ताकद साठवण्याचं काम पंचविशी-तिशीपर्यंतच जोरात चालतं आणि नेमक्या त्याच वर्षांत मुलीचं ऊन आणि हालचाल दोन्ही तुटतात. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणाऱ्या हालचालीची आहे. रोजच्या हिशेबाने वीस-बावीस मिनिटं. एकटीला बाहेर पडणं अवघड जात असेल तर दोघी-तिघींची ठरलेली वेळ ठेवा. सोबत असली की टोमणे मारणाऱ्यांची जीभही आवरते आणि घरचेही लवकर हो म्हणतात.

पाळी : काय चालतं, काय चालत नाही

गौरी-गणपतीच्या आठवडाभर आधी औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून पाहा. एखादी मुलगी गर्दी ओसरायची वाट बघते, मग हळूच म्हणते, “पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्या.” दुकानदार कागदात गुंडाळून स्ट्रिप देतो. ना चिठ्ठी, ना प्रश्न. या संप्रेरकाच्या गोळ्या असतात, त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधी त्या सुरू करतात, आणि बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर सहसा बिघडत नाही. पण रक्ताची गाठ होण्याचा पूर्वेतिहास, यकृताचा आजार, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा दिसून सुरू होणारी अर्धशिशी किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे. त्या गर्भनिरोधकही नाहीत. दर सणाला, दर लग्नाला गोळी हा शिरस्ता पडला असेल, तर बदलायला हवा तो सोवळ्याओवळ्याचा नियम. नैवेद्याला हात लावायचा नाही म्हणून मुलीने संप्रेरकं गिळायची, हा सौदा कुठल्या आईला पटेल?

हा दबाव टोकाला गेला की काय होतं, ते बीड जिल्ह्याने दाखवलं. उसाच्या फडात एक दिवस कामावर आलं नाही की ‘खाडा’ लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. पाळीचे दिवस परवडत नाहीत, फडावर ना संडास ना पाणी, आणि पोटाच्या साध्या तक्रारीलाही ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तयार. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. कुणी पाळीच्या त्रासावर शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचा, शक्यतो सरकारी रुग्णालयातला, सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? दोन पाळ्यांमधलं अंतर एरवी २१ ते ३५ दिवस असतं. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं ते ४५ दिवसांपर्यंत गेलं तरी चालतं. सलग तीन महिने पाळी न येणं, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणं, आठवड्याहून जास्त रक्तस्राव, दर महिन्याला कॉलेज किंवा काम बुडवणारं दुखणं, यांतलं काहीही असेल तर वाट पाहू नका. ‘बायकांना दुखतंच’ हे ऐकून गप्प बसल्यामुळे एंडोमेट्रिओसिससारख्या आजाराचं निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात. पाळीच्या दुखण्यावर गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही, हाही निव्वळ गैरसमज. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कोणती गोळी चालेल ते मात्र विचारून घ्या, आणि ती उपाशीपोटी घेऊ नका.

‘पीसीओडी’ हा शब्द आता मैत्रिणींच्या गप्पांतही सर्रास येतो. सोनोग्राफीत बीजांडकोशावर बारीक गाठी दिसल्या म्हणजे तो आजार झालाच असं नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरक वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, न जाणारी मुरुमं) आणि सोनोग्राफीतल्या गाठी, यांतल्या किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर नुसत्या सोनोग्राफीवर ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी झालं तरी पाळीत फरक पडतो. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो, म्हणून ‘खाणं कमी कर’ हा सरसकट सल्ला चुकीचा. आणि ‘लग्न झालं की होईल बरं’ हे तर औषधच नव्हे.

“लग्न झालंय का?”

स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात अविवाहित मुलगी दिसली की बाकावरच्या बायका वळून बघतात. आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “लग्न झालंय का?” डॉक्टरांना खरं तर शरीरसंबंध आलेत का, हे विचारायचं असतं. आई शेजारी बसलेली असते. मुलगी “नाही” म्हणते आणि पुढची सगळी तपासणी त्या ‘नाही’वर उभी राहते.

यातून वाट काढता येते. “मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय” असं डॉक्टरांना सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तिथे खरं सांगा. लाजेकाजेस्तव अर्धवट दिलेली माहिती निदान चुकवते. आतून तपासणी तुमच्या संमतीशिवाय होऊ शकत नाही, आणि तपासणीच्या वेळी नर्स किंवा तुमचं माणूस हजर ठेवायला सांगता येतं. संबंध आलेले नसतील तर सोनोग्राफी पोटावरून करता येते. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन जायचं.

दोन गोष्टी लाजेमुळे कायम मागे पडतात. पहिली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून रक्षण करणारी एचपीव्ही लस. ‘लग्नाआधी कशाला?’ म्हणून ती टाळली जाते, पण संबंध सुरू होण्याआधी घेतली तरच तिचा सर्वाधिक उपयोग होतो. नऊ ते चौदा वर्षांत घेणं उत्तम, त्यानंतर सव्विसाव्या वर्षापर्यंतही घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही भारतीय बनावटीची लस आता मिळते. दुसरी, नको असलेली गर्भधारणा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी पालकांची किंवा नवऱ्याची संमती कायद्याने लागत नाही, ती अविवाहित असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या हक्कात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असं स्पष्ट केलं. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यामुळे दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून एकटीने घेऊ नका, रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

आरसा, फोटो आणि बायोडाटा

लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण : गोरा’ हा रकाना अजून आहे. तो भरण्यासाठी औषधाच्या दुकानातून ‘फेअरनेसचं’ म्हणून स्टेरॉइडचं मलम आणलं जातं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, मैत्रिणी विचारतात काय लावतेस. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ उठतं, गालावर केस येतात. आणि मलम थांबवलं की चेहरा आणखी भडकतो, म्हणून ते सुटत नाही. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी ती सहज मिळतात. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

वजनाचंही तसंच. साखरपुडा ठरला की दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचा बेत सुरू होतो. जेवण टाळणं, मग एकदम खूप खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, दिवसातून चार वेळा वजनकाट्यावर उभं राहणं, हे दिसू लागलं तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मोबाइलवर ज्या खात्यांवरचे फोटो पाहून स्वतःचा राग येतो, ती खाती बंद करा. पाहुण्यांच्या “किती काळवंडलीस गं” याला उत्तर देण्याचं काम मुलीवर सोडू नका. तिथे आईने बोलायचं असतं.

मन ओरडत नाही, पोट दुखतं

‘उदास वाटतंय’ म्हणायची सोय नसलेल्या घरात मन शरीराच्या भाषेत बोलतं. परीक्षेच्या सकाळी जुलाब, स्थळ बघायला येणार म्हटलं की डोकेदुखी, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात आणि घरात ‘नाटकं करते’ हा शेरा बसतो. तपासणी नॉर्मल आली म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही.

सलग दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टीतही रस वाटेनासा झाला असेल, झोप-भूक बिघडली असेल, लक्ष लागत नसेल, आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते उपचारांनी बरं होतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी विश्वासाच्या माणसाला सांगा, एकट्या राहू नका. भारतात १५ ते ३९ वयाच्या स्त्रियांच्या मृत्यूंमागे आत्महत्या हे सर्वांत मोठं कारण असल्याचं अभ्यासातून पुढे आलं आहे, म्हणून यात काणाडोळा परवडणारा नाही. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी, मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळण्याचा आणि तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे.

ताणाचं कारण बाहेर असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. कामाच्या ठिकाणी छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. महाविद्यालयांनाही अशी समिती सक्तीची आहे. मित्र फोनचा पासवर्ड मागत असेल, कपड्यांवर आणि मैत्रिणींवर बंदी घालत असेल, फोटो पसरवायची धमकी देत असेल, तर ते प्रेम समजून सोसू नका. घरात मारहाण होत असेल, मग ती सासरी असो वा माहेरी, तर १८१ वर फोन करा. तातडीचा धोका असेल तर ११२.

घरच्यांसाठी चार शब्द

मुलीच्या तब्येतीची काळजी बहुतेक घरांत असते. ती पोचते मात्र टोमण्यांच्या वाटेने. ‘काही खात नाही’ म्हणण्याऐवजी एक आठवडा सगळ्यांनी एकत्र ताटावर बसून पाहा. भाजी कुणाच्या वाट्याला कमी येते ते दिसेल. पाळीच्या दिवसांत तिला बाजूला बसवायचं थांबवा. तिच्या तपासणीला लग्नाशी जोडू नका. रिपोर्टमध्ये काही निघालं तर ‘कुणाला सांगू नकोस’ हे पहिलं वाक्य नसावं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणाली तर सोबत जा आणि बाहेर बसा. लग्नाची घाई तर मुळीच नको. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अर्धवट वाढलेल्या शरीरावर बाळंतपण लादलं की रक्तक्षय पुढच्या पिढीतही उतरतो.

आणि मुलींनो, सगळं एकदम बदलणार नाही. या महिन्यात तीन कामं करा. हिमोग्लोबिन तपासा. गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा, चालू औषधं आणि झोपेचे तास एका कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांपुढे तो कागद ठेवला की निम्मा संकोच जातो. आणि बरे दिवस चालू असतानाच एक माणूस ठरवून ठेवा, मावशी, मैत्रीण, बाई, कुणीही, जिला रात्री दोन वाजताही फोन करता येईल. तसं तिला आजच सांगा, आणि तिच्यासाठी तसंच माणूस व्हायची तयारीही ठेवा.